खंडित कथा आणि गावबाचा अधिकार

१

२०२० च्या जानेवारीच्या आरंभी सोनी मराठी वाहिनीवर ‘सावित्रीजोती’ ही मालिका सुरू झाली. त्याच महिन्यात, १० ते १२ जानेवारी ह्या तीन दिवसांत, उस्मानाबादेत म्हणजे आजच्या धाराशिवात ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या अध्यक्षतेखाली भरले. संमेलननगरीला तेरच्या गोरोबाकाकांचे नाव होते. संमेलनावर पुढे बरेच लिहिले गेले. मालिका मात्र मार्चमधील टाळेबंदीने काही महिने थांबली, पुन्हा सुरू झाली आणि अपेक्षित प्रेक्षकसंख्या मिळत नाही ह्या कारणाने त्याच वर्षाच्या डिसेंबरात बंद झाली. मालिकेशी अभ्यासक म्हणून जोडलेले दिवंगत प्रा. हरी नरके यांनी ह्याची खंत जाहीरपणे मांडली. अनेक प्रेक्षकांनी हळहळ व्यक्त केली, काहींनी संताप. नंतर सगळे शांत झाले.

ह्या शांततेत मराठी समीक्षेचा वाटा मोठा आहे. कथा मध्येच तोडली गेली, ऐकणाऱ्यांना ती तोडलेली आवडली नाही आणि तसे त्यांनी बोलून दाखवले, ही घटना मुळात कथनमीमांसेच्या आणि आस्वादमीमांसेच्या अधिकारक्षेत्रातील आहे. पण ‘कथा’, ‘शेवट’, ‘वाचक’ ह्या संज्ञांवर परिसंवाद भरवणाऱ्या समीक्षेला ही आपली बाब वाटली नाही. वृत्तपत्राच्या मनोरंजन पुरवणीने दखल घ्यावी आणि विसरून जावे, एवढीच तिची योग्यता ठरली. वाचककेंद्री समीक्षेचा पुरस्कार करताना जर्मन आणि अमेरिकन सिद्धान्तकारांची नावे घ्यायची, आणि हाडामांसाचा आस्वादक ‘आमची गोष्ट पुरी करा’ असे म्हणू लागला की त्याच्याकडे पाठ फिरवायची, ही विसंगती आता उघडपणे सांगितली पाहिजे.

२

मालिका अकाली बंद झाल्यावर चिडणाऱ्या प्रेक्षकाला गप्प करण्यासाठी सामान्यतः तीन युक्तिवाद पुढे केले जातात. ते तीन वेगवेगळ्या गटांचे असले तरी त्यांचा परिणाम एकच होतो.

पहिला युक्तिवाद अभिजनवादी समीक्षकाचा आहे. मालिका हा हलका प्रकार. त्यात गुंतणारा प्रेक्षक अपरिपक्व. त्याची हळहळ म्हणजे खेळणे हिरावून घेतलेल्या मुलाचे रडणे. हा युक्तिवाद करणाऱ्यांना मराठी कादंबरीचा इतिहास सोयीस्करपणे विसरावा लागतो. हरिभाऊ आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ पत्रात क्रमशः आली. नियतकालिकाच्या नावातच करमणूक होती आणि त्या नावाची हरिभाऊंना लाज वाटली नाही. पुढचा अंक येईपर्यंत यमूचे काय होणार म्हणून घालमेल सोसणारा वाचक आणि पुढचा भाग येईपर्यंत तीच घालमेल सोसणारा प्रेक्षक ह्यांच्या मनोव्यापारात जातीचा फरक दाखवता येत नाही. फरक माध्यमाचा आहे. व्होल्फगांग इझर याने तर असे नोंदवून ठेवले आहे की, एकोणिसाव्या शतकातील वाचकांना पुष्कळदा पुस्तकरूपातील कादंबरीपेक्षा तीच कादंबरी हप्त्याहप्त्याने वाचताना अधिक चांगली वाटे. कारण दोन हप्त्यांमधील रिकाम्या जागेत वाचकाची कल्पनाशक्ती काम करीत राही. ती रिकामी जागा भरणारा वाचक हा कथेचा सहनिर्माता असतो, हे जर डिकन्सच्या वाचकाबाबत खरे असेल, तर कळंब किंवा परंड्याच्या घरात दूरदर्शनसंचासमोर बसणाऱ्या बाईबाबत ते खोटे का ठरावे? सहनिर्मात्याला न विचारता निर्मिती मोडली तर त्याच्या तक्रारीला बालिश म्हणण्याचा अधिकार कोणाला पोचत नाही.

दुसरा युक्तिवाद बाजारवाद्याचा. लोकांना नको होती म्हणून मालिका बंद झाली. लोकशाहीत मत मिळाले नाही तर उमेदवार पडतो. ह्या उपमेतील खोट पुढे सविस्तर पाहावयाची आहे. येथे एवढेच नोंदवणे पुरे की, निवडणुकीत प्रत्येकाचे मत मोजले जाते आणि मतपेटी कोणत्याही जाहिरातदाराची नसते.

तिसरा युक्तिवाद सर्वांत अवघड आहे, कारण तो मित्रपक्षाकडून येतो. फुले-शाहू-आंबेडकरांचा म्हणवणारा महाराष्ट्र सावित्रीबाईंवरील मालिका पाहत नाही, सासू-सुनांची भांडणे मात्र चवीने पाहतो. तेव्हा दोष प्रेक्षकाचाच. ह्या म्हणण्यामागील वेदना खरी आहे. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष चुकीचा आहे. जो प्रेक्षक पाहत होता आणि ज्याची कथा तुटली, त्यालाच न पाहणाऱ्यांच्या वतीने शिक्षा भोगावी लागली आणि वर उपदेशही ऐकावा लागला. शिवाय न पाहणारे नेमके किती आणि कोण हे ज्या मापाने ठरवले, त्या मापाची तपासणी न करता पुरोगाम्यांनी ते जसेच्या तसे स्वीकारले. जोतीरावांनी कोणतेही माप मापणाऱ्याचा हितसंबंध विचारल्याखेरीज मान्य केले नव्हते. त्यांचे नाव घेणाऱ्यांनी ते करावे हा दैवदुर्विलास होय.

३

कथेला शेवट असणे ही श्रोत्याची केवळ सवय नाही. फ्रँक कर्मोड याने १९६७ साली घड्याळाच्या ‘टिक-टॉक’चे साधे उदाहरण घेऊन दाखवले की, दोन सारख्याच आवाजांपैकी दुसऱ्याला मनुष्य ‘टॉक’ म्हणतो, कारण त्याला काळाला आकार द्यायचा असतो. ‘टिक’ ऐकवून ‘टॉक’ न ऐकवणे म्हणजे काळ निराकार करून परत देणे. मालिकेचा प्रेक्षक वर्षभर रोज अर्धा तास देतो. त्याने दिलेल्या काळाला मिळायचा आकार शेवटावर अवलंबून असतो. म्हणून शेवट हिरावला की मागचे सगळे भागही पूर्वलक्षी प्रभावाने निरर्थक होऊ लागतात.

ह्यावर एक आक्षेप येईल. अपूर्णता हे आधुनिक साहित्याचे मूल्यच नाही काय? काफ्काची ‘द कॅसल’ अपुरी आहे, उंबेर्तो एको याने १९६२ साली ‘खुल्या कलाकृती’चा सिद्धान्त मांडला, नवकथेनेही गाठ मारून संपणारी गोष्ट मोडीत काढली. मग मालिकेच्या प्रेक्षकाला बंदिस्त शेवट हवासा वाटणे हे मागासलेपणच नव्हे काय? ह्या आक्षेपात दोन भिन्न गोष्टींची गल्लत आहे. खुला शेवट हा रचनेच्या आतून येतो. तो रचनाकाराचा निर्णय असतो, आणि मागील प्रत्येक तपशील त्या निर्णयाकडे झुकलेला असतो. तुटलेला शेवट बाहेरून येतो, आणि त्याचे कारण संहितेत कुठेही सापडत नाही. काफ्काने ती कादंबरी स्वतःच अपुरी सोडून दिली; तो निर्णय लेखकाचाच होता, त्यात लेखकाशी केलेला कोणताही करार मोडत नाही. दोन तिमाहींच्या जाहिरात-हिशेबाने थांबलेल्या कथेला काफ्काच्या शेजारी बसवणे हा काफ्काचाही अपमान आहे.

भारतीय परंपरेला तर अपुऱ्या कथेचा प्रश्न फार जुना आहे आणि त्यावरचे तिचे उत्तरही ठरलेले आहे. बाणभट्टाची ‘कादंबरी’ अपुरी राहिली. ती त्याच्या मुलाने पुरी केली. मराठीने ह्या वाङ्मयप्रकाराला ‘कादंबरी’ हे नाव दिले ते ह्याच ग्रंथावरून. म्हणजे मराठीतील दीर्घकथनाचे नावच एका अपुऱ्या राहिलेल्या आणि दुसऱ्या हाताने पुऱ्या केलेल्या कथेचे आहे. मराठवाड्याच्या भूमीत ह्याहून जवळचे उदाहरण आहे. पैठणच्या एकनाथांचे ‘भावार्थ रामायण’ युद्धकांडाच्या ४४ व्या अध्यायापर्यंत आले आणि थांबले. पुढचा भाग गावबा ह्या त्यांच्या शिष्याने रचला. परंपरेने गावबाचे जे चित्र रंगवले आहे ते विद्वानाचे नाही. पुरणपोळीच्या ओढीने नाथांच्या घरी राहिलेल्या भोळ्या मुलाचे आहे. त्या चित्रात किती इतिहास आणि किती आख्यायिका हा प्रश्न बाजूला ठेवला तरी त्यामागील साहित्यविचार स्पष्ट आहे. कथा ही तिच्या कर्त्याबरोबर संपत नाही. ती ज्याने मन लावून ऐकली त्याला ती पुरी करण्याचा अधिकार आहे, आणि ती पुरी होणे हे समाजाचे काम आहे. ह्याला ‘गावबाचा अधिकार’ असे म्हणता येईल.

ह्याच्या उलट बाजूचे उदाहरणही मराठीतच आहे. हरिभाऊंच्या ‘गणपतराव’सारख्या कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या त्या राहिल्याच. मुद्रणयुगात लेखकाचे नाव आणि हक्क पक्के झाले, आणि गावबाची जागा नाहीशी झाली. त्या युगाने वाचकाला एक नवी असहायता दिली. मालिकेने ती असहायता रोजची केली.

४

धाराशिव जिल्ह्यात ह्या प्रश्नाचा विचार करायला दूर जावे लागत नाही. तुळजाभवानीच्या ह्या परिसरात गोंधळ ही जिवंत कथनसंस्था आहे. संबळ वाजू लागला, गण झाला, देवतांना आवाहन झाले, पूर्वरंग झाला की उत्तररंगात आख्यान लागते, आणि ते आख्यान आरतीपर्यंत नेऊन पोचवावे लागते. मध्यरात्री श्रोते पेंगले, अर्धे उठून गेले, म्हणून गोंधळी आख्यान सोडून घरी जात नाही. त्याचा करार यजमानाशी आहे आणि यजमानापलीकडे देवीशी आहे. चातुर्मासात ‘हरिविजय’, ‘पांडवप्रताप’ लागतात, तेव्हा पोथी अर्धी ठेवू नये असा दंडक असतो. अखंड हरिनाम सप्ताह काल्याच्या कीर्तनाने पुरा होतो. पाचव्या दिवशी गर्दी ओसरली म्हणून सप्ताह पाच दिवसांत आटोपला, असे होत नाही. ग्रंथाच्या अखेरीस येणारी फलश्रुती ही श्रद्धेची बाब तर आहेच, पण ती एक कथनशास्त्रीय हमीही आहे: शेवटपर्यंत बसणाऱ्याला काहीतरी दिले जाईल असे कथाकार आधीच कबूल करून बसलेला असतो.

ह्या संस्थांना आदर्श ठरवण्याची गरज नाही. त्यांच्या आत जातींच्या उतरंडी होत्या, स्त्रियांचे स्थान ठरलेले होते, आणि कोणत्या कथा सांगायच्या हेही ठरलेले होते. सावित्रीबाईंची कथा त्या चौकटीत कधी सांगितली गेली नसती. परंतु कथा सुरू करणाऱ्यावर ती पुरी करण्याचे दायित्व असते ही जाणीव त्या संस्थांनी पिढ्यान्‌पिढ्या जोपासली. मालिकेचा प्रेक्षक बंद पडलेल्या कथेबद्दल चिडतो तेव्हा ह्याच जाणिवेचा आधार त्याच्या रागाला असतो. पोथीला बसणाऱ्या आजीला आणि मालिका पाहणाऱ्या नातीला ‘हे असे मध्येच कसे सोडले?’ हा प्रश्न सारखाच सुचतो. समीक्षेने त्याला बालिशपणा म्हटले. वस्तुतः ती एक काव्यशास्त्रीय भूमिका आहे, फक्त ती ग्रंथात लिहिलेली नाही.

शेवटाची मागणी किती मूलगामी असू शकते ह्याचा पुरावा १९८८ सालचा आहे. रामानंद सागर यांची ‘रामायण’ ही मालिका २५ जानेवारी १९८७ रोजी सुरू झाली आणि राज्याभिषेकावर ३१ जुलै १९८८ रोजी संपायची होती. उत्तरकांड त्यात नव्हते. तेव्हा पंजाबात जालंधरच्या सफाई कामगारांनी संप केला आणि तो उत्तरेतील इतर शहरांत पसरला. वाल्मीकींना आपला पूर्वज मानणाऱ्या त्या समाजाची मागणी होती की, कथा पुढे गेली पाहिजे. कारण ज्या कांडात टाकलेल्या सीतेला वाल्मीकी आश्रय देतात, जेथे कवी स्वतः कथेत पात्र म्हणून उभा राहतो, तेच कांड वगळले जात होते. पुढे उत्तरकांडावरील भाग निघाले. उत्तरकांड प्रक्षिप्त की मूळचे ह्यावर पंडितांनी बराच काळ वाद घातला आहे. शहरांचा कचरा उचलणाऱ्यांनी त्या वादात एक वेगळेच प्रमाण मांडले: कथा कोठे संपते हे ठरवणे म्हणजे कथेत कोणाला स्थान मिळणार हे ठरवणे. शेवटाच्या राजकारणावर भारतीय भाषांत ह्याहून नेमके भाष्य क्वचित झाले असेल. ते संप करून झाले, निबंध लिहून झाले नाही, एवढ्याने त्याचे सैद्धान्तिक मोल कमी होत नाही.

५

आता मापाकडे वळले पाहिजे. मालिका बंद करताना ‘लोकांना नको’ असे म्हटले जाते. लोक म्हणजे कोण?

२०११ च्या जनगणनेनुसार तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ५७ हजारांवर होती आणि तीतील सुमारे ८३ टक्के लोक खेड्यांत राहत होते. उमरगा, लोहारा, भूम, वाशी ह्या तालुक्यांतील खेड्यांचा प्रेक्षक दूरचित्रवाणीच्या लोकप्रियतेच्या हिशेबात २०१५ पर्यंत नव्हताच. त्यापूर्वीची मोजणी शहरी घरांपुरती होती. त्या वर्षी बार्क ह्या संस्थेने मोजणी हाती घेतली आणि ऑक्टोबरपासून ग्रामीण घरांचे आकडे प्रथमच येऊ लागले. म्हणजे ‘आभाळमाया’पासून ‘अग्निहोत्र’पर्यंतच्या ज्या काळात मराठी मालिकांचे रूप घडले, त्या काळात ह्या जिल्ह्याच्या बहुसंख्य लोकांचे आवडणे-नावडणे शून्य धरले गेले. त्याच काळात ग्रामीण महाराष्ट्र तासन्‌तास भारनियमन सोसत होता. मालिकेच्या वेळी वीज असेल तर मालिका, नाही तर कंदील. ह्या प्रेक्षकाने अमुक मालिका ‘नाकारली’ असे म्हणणे हा शब्दांचा विपर्यास आहे. त्याला विचारलेच नव्हते.

२०१५ नंतर तो नमुन्यात आला, हे मान्य केले पाहिजे. २०२० मध्ये देशभरातील सुमारे ४४ हजार घरांत मोजयंत्रे होती आणि दूरचित्रवाणी असलेली घरे २० कोटींच्या घरात होती. सरासरीने एका यंत्रामागे साडेचार हजार घरे. ‘एवढ्याशा नमुन्यावरून काय कळणार?’ हा आक्षेप वारंवार घेतला जातो, परंतु तो दुबळा आहे. नमुना नीट निवडला असेल तर लहान नमुनाही बरेच सांगतो. खरा प्रश्न नमुन्याच्या आकाराचा नाही. काय मोजले जाते हा आहे. यंत्र मोजते ते संच कोणत्या वाहिनीवर किती मिनिटे होता, आणि समोर कोण बसले होते. त्या मिनिटांत प्रेक्षक रडला की भाजी निवडीत होता, दुसऱ्या दिवशी मुलीला शाळेत घालण्याबद्दल घरात बोलणे झाले की नाही, हे यंत्राला कळत नाही, आणि कळावे अशी कोणाची अपेक्षाही नाही. डॅलस स्माइद याने १९७७ साली हे स्वच्छ शब्दांत मांडले होते: प्रसारणाच्या व्यवसायात विकला जाणारा माल म्हणजे कार्यक्रम नव्हे, प्रेक्षक होय, आणि गिऱ्हाईक जाहिरातदार असतो. तेव्हा मालिका बंद होते ती प्रेक्षकाला नको म्हणून बंद होत नाही. तो प्रेक्षक गिऱ्हाइकाला पुरेशा संख्येने किंवा पुरेशा भावाने नको असतो, म्हणून ती बंद होते. लोकशाहीची उपमा येथे गळून पडते. बैलबाजारात बैलाला मत नसते.

हे ध्यानात घेतले की मराठी मालिकांच्या दुसऱ्या बहुचर्चित दोषाचा उलगडा होतो. एकीकडे कथा अकाली तोडल्या जातात आणि दुसरीकडे संपलेल्या कथांत पाणी घालून त्या वर्षानुवर्षे वाढवल्या जातात. समीक्षक पहिल्याकडे दुर्लक्ष करतात आणि दुसऱ्यावर विनोद करतात. वस्तुतः दोन्ही एकाच व्यवहाराची रूपे आहेत. दोन्हींत शेवट कथेकडून काढून घेऊन आकड्याकडे दिलेला असतो. ज्या कथेला कधी संपायचे हे माहीत नाही तिला मध्य असू शकत नाही, कारण मध्य हा दोन टोकांवरून ठरतो. अशा कथेत फक्त प्रसंग उरतात, आणि प्रत्येक प्रसंग उद्याच्या आकड्यासाठी किंचाळतो. दूरदर्शनवर तेरा भागांची चौकट रूढ होती तेव्हा नोकरशाहीचा जाच होता, वशिला होता, उत्तम कल्पना फायलीत कुजत होत्या. त्या काळाबद्दल उसासे टाकण्याचे कारण नाही. तरीही ‘शेवट कोठे आहे’ हे लेखकाला पहिल्या ओळीपासून ठाऊक असे, ही गोष्ट रचनेच्या दृष्टीने क्षुल्लक नव्हती. श्याम बेनेगल यांची ‘भारत एक खोज’ ५३ भागांची ठरली आणि ५३ भागांत पुरी झाली. म्हणूनच तिचा एक ग्रंथ म्हणून विचार करता येतो.

चरित्रकथेत ह्या तुटण्याची किंमत अधिकच असते. सावित्रीबाईंचे पुढे काय झाले हे मराठी प्रेक्षकाला ठाऊक होते. तेव्हा त्याला उत्कंठेने छळले असे म्हणता येणार नाही. त्याने जे गमावले ते ‘काय झाले’ हे नव्हते, ‘कसे झाले’ हे होते. मालिका आटोपती घ्यावी लागते तेव्हा सर्वांत आधी उत्तरार्ध आक्रसतो, आणि सावित्रीबाईंच्या आयुष्याचे स्वतंत्र तेज उत्तरार्धातच आहे. १८७६-७७ च्या दुष्काळातील अन्नछत्रांचे काम. जोतीराव १८९० मध्ये गेल्यावर सत्यशोधक समाजाची उचललेली धुरा. १८९३ मध्ये सासवडच्या परिषदेचे भूषवलेले अध्यक्षपद. आणि १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करताना आलेला मृत्यू. शेणाचे गोळे सोसत शाळेत जाणारी तरुण सावित्री महाराष्ट्राला पाठ आहे. पतीमागे सात वर्षे चळवळ चालवणारी प्रौढ सावित्री त्याला अजून नीट भेटलेली नाही. अशा चरित्राचा उत्तरार्ध घाईने उरकण्याची वेळ येणे म्हणजे पत्नी उरवणे आणि नेतृत्व गमावणे होय. दुष्काळ हा ज्या जिल्ह्याच्या रोजच्या बोलण्यातील शब्द आहे, तेथील प्रेक्षकाला अन्नछत्रांची सावित्री सविस्तर भेटण्याचा हक्क होता.

६

खंडित कथेला दुसरे आयुष्य मिळतच नाही असे नाही. ते कोणाला मिळते हे पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत ‘स्टार ट्रेक’ बंद होऊ नये म्हणून १९६८ साली प्रेक्षकांनी पत्रांचा वर्षाव केला आणि तिला आणखी एक वर्ष मिळाले. ‘फायरफ्लाय’ ही मालिका २००२ साली चौदा भागांवर तोडली गेली. चाहत्यांच्या रेट्याने २००५ मध्ये चित्रपटाच्या रूपाने तिला शेवट लाभला. हिंदीत ‘साराभाई व्हर्सेस साराभाई’ २००६ मध्ये कमी आकड्यांमुळे संपली आणि २०१७ मध्ये इंटरनेटवर परतली, कारण दरम्यानच्या काळात तिचा शहरी, इंग्रजीमिश्रित बोलणारा प्रेक्षक त्या नव्या बाजाराला हवासा झाला होता. निष्कर्ष स्पष्ट आहे. ज्याच्या खिशात खुळखुळते त्याला शेवट विकत मिळतो. त्याच्या चाहतेपणाला ‘अभिरुची’ असे नाव मिळते. ज्याच्या खिशात नाही त्याच्या चाहतेपणाला ‘खूळ’ म्हणतात. जालंधरच्या कामगारांकडे पैसे नव्हते. त्यांच्याकडे झाडू खाली ठेवण्याची ताकद होती, म्हणून त्यांना शेवट मिळाला. धाराशिवच्या प्रेक्षकाकडे दोन्ही नाही. त्याच्या बाजूने बोलू शकेल अशी एकच संस्था उरते आणि ती समीक्षा होय. तिने आजवर त्याची चेष्टा केली आहे.

समीक्षेने काय करावे हेही सांगितले पाहिजे, नाही तर हा वाद केवळ तक्रार ठरेल. पहिली गोष्ट, बंद पडलेल्या मालिकांबद्दल प्रेक्षकांनी लिहिलेली पत्रे, निवेदने आणि निषेध ह्यांना आस्वादाचे दस्तऐवज मानून विद्यापीठांच्या मराठी विभागांनी ते जमवावेत. इएन आंग हिने ‘डॅलस’ मालिकेच्या प्रेक्षकांची मूठभर पत्रे घेऊन एक महत्त्वाचा ग्रंथ सिद्ध केला. मराठीत प्रेक्षक असे लिहीत नाहीत असे नाही, ते जपून ठेवण्याजोगे आहे असे कोणाला वाटत नाही. दुसरी गोष्ट, मालिकांच्या संहिता जपल्या पाहिजेत. चित्रित न झालेल्या भागांचे आराखडे लेखकांच्या कपाटांत पडून राहतात. ते प्रसिद्ध झाले तर कथा निदान कागदावर तरी पुरी होईल.

तिसरी गोष्ट कायद्याची आहे आणि तीच मुख्य आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १९ व्या कलमात अशी तरतूद आहे की, हक्क घेणाऱ्याने ते एक वर्षाच्या आत वापरले नाहीत तर ते लेखकाकडे परत जातात. मात्र करारात अन्यथा नमूद नसेल तरच. ह्या ‘अन्यथा’च्या फटीतून सगळे निसटते, कारण करार लिहितो तो बलवान पक्ष. २०१२ च्या दुरुस्तीने लेखकाच्या मानधनाचा वाटा काही अंशी सोडवता न येणारा केला. त्याच धर्तीवर, तोडलेल्या कथेचा उर्वरित भाग पुस्तकरूपाने, नाटकरूपाने किंवा अन्य माध्यमातून पुरा करण्याचा लेखकाचा हक्क कोणत्याही कराराने हिरावता येणार नाही अशी तरतूद मागता येईल. मराठी लेखकांच्या संस्थांनी आणि संमेलनांनी दरवर्षी जे ठराव केले त्यांच्या यादीत हा एक ठराव बसण्यास हरकत नव्हती. वाहिनीला मालिका बंद करण्याचे स्वातंत्र्य असावे. तोट्यात व्यवसाय चालवा असे कोणी सांगू शकत नाही. पण प्रसारण थांबवण्याचा हक्क आणि कथा गाडून टाकण्याचा हक्क हे दोन हक्क एक नाहीत. पहिला व्यापाराचा आहे. दुसरा कोणालाच दिलेला नाही, तो केवळ बळकावलेला आहे.

एकनाथांच्या मागे ‘भावार्थ रामायणा’चे पुढचे अध्याय गावबाने लिहिले तेव्हा त्याला कोणाची लेखी परवानगी लागली नव्हती. ज्या समाजाने ते अध्याय मूळ ग्रंथाबरोबर एकाच बांधणीत ठेवले आणि शेकडो वर्षे एकाच आवाजात वाचले, त्याची साहित्यविषयक समज आजच्या करारपत्रांहून मोठी होती. मराठी समीक्षेला परंपरेचा अभिमान बाळगायचा असेल तर त्या समजेपासून सुरुवात करावी लागेल. चिडलेल्या प्रेक्षकाला तिने अपरिपक्व म्हणू नये. तो गावबाच्या जागी उभा आहे. फक्त त्याच्या हातातील लेखणी काढून घेतलेली आहे.